धानाच्या बांधीतून

व्हॉलीबॉलला जागा फार लागत नाही. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद. धानाची एक बरीशी बांधी मोकळी झाली की मैदान तयार. आमच्या चोरखमाऱ्यात दिवाळीनंतर हेच व्हायचं. धान खळ्यावर गेलं की पोरं धसकटं उपटायची, पाणी शिंपडून जमीन चोपायची, दोन बल्ल्या रोवायची. जाळी यायची ढीवरांच्या घरून. तलावात टाकून टाकून फाटलेली, मासे धरायची जाळी. दुहेरी करून वरच्या कडेला दोर ओवलेली. हिवाळाभर उन्हात राहूनही तिचा माशांचा वास जात नसे. अंधार पडायच्या आत खेळ थांबवावा लागे, कारण नागझिऱ्याचं जंगल गावाला लागूनच आणि सांजेला अस्वल कुठून निघेल याचा नेम नाही.

उंची कमी म्हणून मला लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, केलं. पुढे ती जागा मीच सोडली नाही. टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला मिळतात, पण त्याच्या हाताला चेंडू कुठे हवा हे लिफ्टरला ठाऊक असावं लागतं. आमच्यातल्या एकाला तो जाळीपासून हातभर दूर आणि उंच लागायचा. दुसरा बुटका पण चपळ, त्याला जाळीला लगटून, खांद्याच्या जरा वर. कपाळासमोर दहा बोटं उघडायची, चेंडू बोटांच्या पेरांवर क्षणभर टेकतो न टेकतो तोच सोडायचा. धरला की फाऊल. या खेळात चेंडू कुणालाच जवळ ठेवता येत नाही, आणि एकच खेळाडू त्याला लागोपाठ दोनदा हातही लावू शकत नाही (ब्लॉकची गोष्ट वेगळी). तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. म्हणजे दुसऱ्यावाचून इथे कुणाचं काही चालत नाही.

व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्जचं नाव मी शाळेत खेळाच्या सरांकडून ऐकलं. त्याचं गाव केरळच्या कण्णूर जिल्ह्यातलं पेरावूर, डोंगरपायथ्याचं. त्याच्या वडिलांनी मुलांना खेळ शिकवला आणि आठ भावांचा मिळून एक संघ झाला. धाकट्या बॉबीचं नाव पुढे त्याची बायको, लांब उडी मारणाऱ्या अंजू बॉबी जॉर्जमुळे घरोघरी पोचलं. जिमी १९५५चा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून पोलिसांत गेला, १९७६ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, १९७९मध्ये अबुधाबीच्या क्लबकडून खेळायला गेला आणि १९८२मध्ये इटलीत त्रेव्हिसोला. पैसे घेऊन परदेशी क्लबात खेळणारा पहिला भारतीय व्हॉलीबॉलपटू तो. इटलीची लीग म्हणजे जगातल्या सगळ्यात कठीण लीगपैकी एक.

सर त्याच्या उडीबद्दल सांगायचे. माझ्या डोक्यात मात्र त्याचा लिफ्टर यायचा. त्या इटालियन माणसाला पहिल्या दिवशी काय ठाऊक असणार, की हा केरळचा पोरगा कुठवर उडतो, चेंडू कुठे गाठतो? लहानपणापासून भावांच्या हातचा चेंडू मारलेला माणूस. भावांना सांगावं लागत नव्हतं. इथे नवखा, भाषा वेगळी, थंडी वेगळी. सराव करकरून दोघांनी एकमेकांची उंची हेरली असणार. परक्या देशात नव्या खेळाडूची खरी कसोटी इथेच लागते असं मला वाटतं. त्याच्या अंगात ताकद कितीही असो, संघाने त्याच्यासाठी चेंडू नेमका उचलायला सुरुवात केली, त्या दिवशी तो संघाचा झाला.

पुढे मी आयटीआय केलं, तिरोड्याच्या वीजप्रकल्पात वेल्डिंग केलं, मग कामासाठी अबुधाबीला गेलो. तिथे रमजानच्या रात्री केरळ सोशल सेंटरची जिमी जॉर्जच्या नावाची स्पर्धा भरते. देशोदेशीचे व्यावसायिक खेळाडू येतात. कंपनीतल्या मल्याळी मित्रांनी ओढून नेलं. एका संघातला परदेशी नवखा खेळाडू सुरुवातीला सारखा आउट मारत होता. त्याच्या लिफ्टरने दोन पॉइंटांच्या मधे जवळ जाऊन तळहाताने हवेत उंची दाखवली. खेळाडूने तो तळहात धरून वीतभर खाली आणला. पुढचा चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात आपटला. अख्खी गॅलरी उठली, मीही ओरडलो. घरापासून इतका लांब मी एवढ्या मोकळ्या गळ्याने तोवर ओरडलोच नव्हतो.

जिमी ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीतच मोटार अपघातात गेला. अवघा बत्तीस वर्षांचा. ब्रेशियाजवळच्या मोंतिक्यारी गावाने आपल्या क्रीडागृहाला त्याचं नाव दिलं, पालाजॉर्ज. बाहेरून खेळायला आलेल्या माणसाच्या नावाचं छप्पर एका गावाने आपल्या पोरांच्या डोक्यावर धरलं. हे आठवलं की अजूनही ऊर भरून येतो.

आता मी गावी परतलोय. बांधीतलं मैदान शाळेमागे आलंय, जाळी बाजारची आहे. पोरांची २.४३ मीटरवर, पोरींची २.२४वर, टेप लावूनच बांधतो. यंदा पोरी जास्त येतात. त्यातल्या एकीची उडी बघून मी लिफ्टर पोरीला सांगितलंय, हिला चेंडू आणखी वर दे, तिला तिथवर जाऊ दे. आमच्या या भागातल्या पोरांसाठी छप्पर असलेलं, लाकडी फळ्यांचं एक मैदान व्हावं, यासाठी अर्ज केलाय. पावसाचे चार महिने ही पोरगी कुठे खेळणार, असं त्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय.