हाफ राईस, पार्सल

पुण्याहून सोलापूर हायवेनं निघालं की भिगवण लागतं, मग पळसदेव, मग लोणी देवकर आणि पुढे इंदापूर. आमचं लोणी देवकर बाहेरच्यांना माहीत असलंच तर एमआयडीसीमुळे. एका बाजूला उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मधून हायवे. या पट्ट्यात बाहेर जेवायचं म्हणजे मासे, असा शिरस्ता आहे. पुण्यातली माणसं गाडी काढून भिगवणला चिलापी खायला येतात. आम्ही स्वतः मात्र बाहेर खातो ते चायनीज.

चायनीज म्हणजे हॉटेल नव्हे, गाडी. लाल रंगाचा पत्रा, त्यावर पिवळ्या अक्षरांत मेनू, कोपऱ्यात एक ड्रॅगन. तो ड्रॅगन आमच्याकडच्या पेंटरनं काढलेला असल्यानं थोडा नागोबासारखा दिसतो. मेनूत एकाच पाटीवर ‘मंचुरियन’ तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेलं असतं. सिलिंडरला जोडलेली मोठी शेगडी, तिच्यावर काळीठिक्कर कढई आणि शेजारी ओळीनं तीन बाटल्या: लाल, हिरवी, काळी. चिरलेल्या कोबीचा ढीग. हाफ आणि फुल अशी दोनच मापं. आता हाफ राईस पन्नास रुपयांना मिळतो, फुल ऐंशीला. मी अकरावीत होतो तेव्हा हाफ तीस रुपयांना होता आणि दोघांत एक घेतला तरी पोट भरायचं.

मी इंजिनिअरिंगला पुण्यात होतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची. ज्यांचे नातेवाईक शहरात होते ते तिकडे जायचे, ज्यांच्याकडे पैसे होते ते हॉटेलात. उरलेले आम्ही गाडीवर. पुढे नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या लोकांबरोबर चांगल्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये जाणं झालं. तिथे बांबूच्या टोपल्यांत डिमसम येतात, एका टोपलीत चार. बिलात ज्या रकमेला त्या चारांची ओळ असते, तेवढ्यात गावाकडे चौघं पोटभर जेवतात. तिथे एकानं मला समजावून सांगितलं की गाडीवरचं चायनीज हे खरं चायनीज नसतं. हे वाक्य मी तेव्हापासून बऱ्याच जणांकडून ऐकलंय. म्हणून ते खोटं चायनीज आलं कुठून, ते मी शोधून वाचलं.

गोष्ट कोलकात्यापासून सुरू होते. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक येऊन राहिले. पुढे आलेल्या हक्का समाजातल्या अनेकांनी टँग्रा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. आपल्या गाडीवरच्या ‘हक्का नूडल्स’मधला हक्का तो हा, एका समाजाचं नाव. १९६२च्या युद्धानंतर यातल्या, विशेषतः आसाम आणि बंगालमधल्या, सुमारे ३००० माणसांना चिनी वंशाचे म्हणून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. अनेक कुटुंबं नंतर देश सोडून गेली. जी राहिली त्यांच्या हाताची चव मात्र भारतभर पसरली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईला आले. १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना एका गिऱ्हाइकानं मेनूत नसलेलं काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉर घातलं. ते झालं चिकन मंचुरियन. चीनच्या ईशान्येला मांचुरिया नावाचा प्रदेश आहे खरा, पण त्याचा या पदार्थाशी नावापुरताच संबंध. हाँगकाँगच्या बेकऱ्यांत ‘पाइनॅपल बन’ मिळतो, त्यातही अननस नसतो. वरच्या साखरेच्या कवचाला अननसासारख्या भेगा पडतात, एवढंच. म्हणजे खुद्द तिकडच्या स्वस्त बेकरीवालेही या बाबतीत आपल्या गाडीवाल्यांइतकेच निवांत आहेत.

गाडीविषयी दुसरी तक्रार अजिनोमोटोची. ‘त्यात अजिनोमोटो घालतात’ हे आमच्याकडे ‘त्यात औषध घालतात’ अशा सुरात सांगितलं जातं. अजिनोमोटो चिनी नाही, जपानी आहे. १९०८मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सूपाला चव कशामुळे येते ते शोधलं आणि पुढच्याच वर्षी ती पावडर बाजारात आली. १९६८मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरनं पत्र लिहिलं, की चायनीज रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर आपली मान बधिर होते, धडधडतं. कारण काय असेल याचे त्यानं तीन-चार अंदाज केले होते, त्यात हे एक. लोकांनी तेवढं एकच उचललं. नेहमीच्या प्रमाणात ते सुरक्षित आहे असं अमेरिकेची अन्न व औषध यंत्रणा सांगते. तोच घटक टोमॅटोत आणि चीजमध्ये नैसर्गिकरीत्या असतो. गाडीच्या तेलाविषयी, पाण्याविषयी प्रश्न जरूर विचारावेत. पण ज्या पांढऱ्या पावडरीला सगळे घाबरतात ती तिथली सगळ्यात निरुपद्रवी वस्तू असावी.

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की खरं-खोटं हा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नव्हता. आमच्या घरातला प्रश्न वेगळा होता: गाडीवर खायचं कोणी?

गाडीवर पुरुष खातात. एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून आलेली बिहार-ओडिशाची पोरं, ट्रकवाले, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे ये-जा करणारे ट्रॅक्टरवाले, कॉलेजची पोरं. बाई तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून नूडल्स खातेय हे दृश्य मी माझ्या गावात लहानपणी पाहिलेलं नाही. तसा कुणी नियम केला नव्हता. शेजारी अंडाभुर्जीची गाडी, पलीकडे परमिट रूम, उजेड कमी. नियमाची गरजच नव्हती. माझ्या ताईला चायनीज भेळ अतिशय आवडायची. तिनं ती लग्न होईपर्यंत एकदाही गाडीवर खाल्ली नाही. मी सायकलवरून पार्सल आणायचो आणि येईपर्यंत तळलेल्या नूडल्सचा कुरकुरीतपणा गेलेला असायचा. तिला वाटायचं, चायनीज भेळ मऊच असते.

म्हणजे ‘पार्सल’ ही आमच्याकडे सोय नव्हती, तो एक दरवाजा होता. काळ्या पिशवीतून, रबर लावलेल्या डब्यातून बाहेरचं जग तेवढंच आत यायचं. आणि तेही आईपर्यंत पोचायचं नाही. आम्ही तिला घास द्यायचो, ती म्हणायची, “नगं मला. वास येतोय त्याला.” ती कुणाच्या हातचं खायची ते लग्नात, पंगतीत, देवाच्या भंडाऱ्याला. पैसे देऊन घेतलेलं अन्न तिनं पंचेचाळिशीपर्यंत खाल्लं नसावं. तिच्या हिशेबात घरात धडधाकट बाई असताना विकतचं जेवण येणं म्हणजे त्या बाईचा कमीपणा.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती गोठ्याशी घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ताई सासरी, तिचं बाळ दोन महिन्यांचं. अण्णांना चहाखेरीज काही येत नव्हतं. मी वर्क फ्रॉम होम घेऊन आलो. मला भात, अंडी आणि मॅगी येत होती. भाकरी कुणालाच येत नव्हती. चुलती सकाळचा डबा द्यायची. पण ती दिवसभर रानात जायची, तिला दोन्ही वेळचं सांगणं बरं दिसेना. मग संध्याकाळचा प्रश्न गाडीनं सोडवला आणि सकाळच्या चहाचा बेकरीनं.

बेकरी म्हणजे अय्यंगार. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावाला ‘अय्यंगार बेकरी’ अशी पाटी दिसली नाही असं सहसा होत नाही. या बेकऱ्यांचं मूळ कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात. तिथल्या एका अय्यंगार कुटुंबानं बंगळुरात १८९८मध्ये बेकरी काढली, आणि मग नातेवाईक, गाववाले करत करत तो धंदा पसरत गेला. अंड्याचं वावडं असलेल्या घरांतल्या माणसांनी गोऱ्या साहेबाचा ब्रेड भाजायला घेतला आणि तो आमच्यापर्यंत खारी, टोस्ट, पॅटीस होऊन आला. आईला बेकरीचं वावडं नव्हतं. बेकरीच्या काउंटरवर बायका उभ्या राहतात, पोरांसाठी क्रीमरोल घेतात, ते चालतं. बेकरी आणि गाडी दोन्ही परक्यांनीच आणलेल्या. एकीनं बायकांच्या पिशवीत जागा मिळवली, दुसरीनं मिळवली नाही. दिवसाउजेडी चालणं आणि काचेचं कपाट असणं, मला तरी एवढाच फरक दिसतो.

पहिल्या दिवशी मी व्हेज राईस आणला. आईनं डाव्या हातानं चमचा धरला, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “कोबी कच्चा ठिवलाय. अन् मीठ जास्त.” तिसऱ्या दिवशी तिनं सांगून पाठवलं, तिखट कमी आणि कोबी नीट परतायला सांग. गाडीवरचा आचारी नेपाळचा, माझ्याच वयाचा. त्यानं निरोप ऐकला, हसला आणि कोबी आधी टाकला. पुढच्या दिवसापासून मी न सांगता तो ‘मम्मीवाला राईस’ वेगळा करायला लागला. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “त्याची आई कुठं असती?” हा प्रश्न मी इतकी वर्षं गाडीवर खाऊनही त्याला विचारला नव्हता. त्याची आई पोखऱ्याच्या पुढे एका गावात असते. तो स्वतः चायनीज खात नाही. रात्री गाडी आवरली की त्याच शेगडीवर डाळ-भात लावतो.

त्याच गाडीवर मोमो मिळतात, ॲल्युमिनियमच्या तीन मजली भांड्यात वाफवलेले. मोमो तिबेट-नेपाळकडचे, डिमसम दक्षिण चीनच्या चहाच्या दुकानांतले. घराणं लांबचं, पण कणकेच्या पातळ पारीत सारण भरायचं, चुण्या घालून तोंड बंद करायचं आणि वाफवायचं, ही रीत एकच. मी एकदा प्लेट आणली. आईनं एक उचलून उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, “ही तर दिंडं की रं!”

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरण भरून कणकेची दिंडं करतात आणि पातेल्यावर चाळणी ठेवून उकडतात. आई ती दर वर्षी करते. बिलातल्या चार डिमसमच्या ओळीसमोर बसून मी जो पदार्थ नवीन म्हणून शिकलो होतो, तो माझ्या घरात वर्षातून एकदा होत होता आणि तिनं तो एका नजरेत ओळखला. तिनं एक खाल्ला, मग दुसरा. “सारणाला चव न्हाई, पण पारी पातळ लाटलीया,” असा निकाल दिला. इतकी वर्षं रोज दोन वेळा स्वयंपाक केलेली बाई दुसऱ्याच्या हाताची परीक्षा करत होती. तिला ती संधी आजवर कुणी दिलीच नव्हती, कारण तिच्यासमोर दुसऱ्याचं ताट कधी आलंच नव्हतं.

हे गोड करून सांगण्यात धोका आहे, तोही मला दिसतो. आईचा हात मोडल्यावर घरातले दोन पुरुष स्वयंपाक शिकले असं झालं नाही; त्यांना पन्नास रुपयांत पळवाट मिळाली. स्वस्त पार्सलनं आईला बाहेरची चव दिली तशी आम्हाला पोळपाटापासून सुटकाही दिली. एमआयडीसीतल्या पोरांचंही तेच. शिफ्टच्या वेळा अशा असतात की खोलीवर शिजवायला वेळ उरत नाही, मग गाडीच त्यांचं घर होते. ज्या घरात चूल पेटवायला कुणी नाही त्या घराचं जेवण म्हणजे हाफ राईस. ते जेवण वाईट आहे म्हणणाऱ्यांनी आधी ती चूल कोण पेटवणार ते सांगावं.

प्लॅस्टर निघालं, दोन महिन्यांनी आई भाकरी थापू लागली. अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी आईनं चूल पेटवली नाही. अण्णांनी विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, “बरी हाय. बुधवारचं मी करणार न्हाई.” का, ते तिनं सांगितलं नाही. अण्णा थोडा वेळ ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनी चप्पल घातली आणि आतल्या बाजूला तोंड करून विचारलं, “ती पोरगं कोबी परतून देतंय, त्याला काय सांगायचं असतं?”

आता दर बुधवारी ते जातात. पिशवी घरून नेतात, कारण आईला काळी पिशवी चालत नाही.