अस्वलाचा चेहरा झाकू नकोस

तात्यापारा, रायपूर
रविवार

चि. मनू,

तुझा निरोप काल रात्री वाचला आणि झोप उडाली. विचारलेस एवढेच, की मालिकेतल्या सशाच्या शेपटीत कापूस भरू की फोम, आणि अस्वलाच्या अंगाला कुठले कापड घेऊ. त्याचे उत्तर आधी देऊन टाकते. शेपटीला लोकरीचा गोंडा कर, कापूस घामाने गोळा होतो. अस्वलासाठी ते झुपकेदार मखमली कापड अजिबात नको. सैल सुती सदरा घे आणि त्यावर जुन्या काळ्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या, वरच्या टोकाला टाके घालून, ओळीने शिव. चालताना पट्ट्या हलतात, केस हलल्यासारखे दिसतात आणि आत वारा खेळतो. तुझ्या आईला विचार, तिने असला एक सदरा माझ्याबरोबर बसून शिवला आहे. सुई बोटात गेली म्हणून रडलीही होती.

पण खाली जाता जाता तू लिहिलेस, की प्राण्यांची डोकी ऑनलाइन तयार मागवली आहेत, त्यांचे तोंड हलत नाही, पण आवाज नंतर स्टुडिओत दुसरेच कलाकार देणार, त्यामुळे प्रश्न नाही. मनू, सगळा प्रश्न तिथेच आहे! आमच्या छत्तीसगडात भाचीच्या पाया पडतात. कौसल्येचे माहेर इथले, म्हणून राम सगळ्यांचा भाचा. ती रीत मी मानते, तुझ्या बारशाच्या दिवशीही पाळली. पण आज तू समोर असतीस तर आधी तुझा कान धरला असता. मुलांसाठी मालिका करायला निघालीस, आणि मुलांना जे बघायचे असते तेच झाकून टाकणार?

भाऊकाकांचे अस्वल आठव. तू तेव्हा नव्हतीस, पण ऐकून ऐकून तुला ते पाहिल्यासारखेच असणार. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातले बालनाट्य, नाना दिग्दर्शक. भाऊकाका दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसणारा, अबोल माणूस. नानांनी त्यांना मुखवटा दिला नाही. डोक्याला काळी टोपी, तिला दोन कान, नाकाच्या शेंड्यावर काजळ, बस्स. बाकी सगळे चालण्यात. अस्वल माणसासारखेच अख्खे पाऊल टेकते, पण पुढचे पंजे आत वळवून टाकते आणि मान खाली घालून डोके या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत हलवते. भाऊकाका हे गल्लीत येणाऱ्या अस्वलवाल्याच्या मागे मागे हिंडून शिकले. प्रयोगात ते पहिल्या रांगेपाशी आले, एका मुलीच्या हातातला पेढा हुंगला आणि तिच्याकडे बघत थांबले. मागितला नाही, हिसकावला नाही. ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. तिला पक्के ठाऊक होते की हे दुकानातले काका आहेत, आणि हेही ठाऊक होते की हे अस्वल आहे. दोन्ही एकदम. शेवटी तिने पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून दिला. हलत्या तोंडाच्या, महागड्या डोक्यालासुद्धा तो तुकडा मिळाला नसता, कारण त्यातून बघणारे कोणी दिसत नाही.

माझा हा हट्ट जुना आहे, तुला माहीत आहे. लहान मुलाला प्राण्याचे सोंग पटायला मुखवटा लागत नाही. त्याला हवे असते एक मोठे माणूस, जे आपल्यासाठी वाकले आहे, रांगते आहे, गुरगुरते आहे आणि आपल्याकडे बघते आहे. आपल्या मराठी बालरंगभूमीला हे पहिल्यापासून उमगले होते. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये ‘मधुमंजिरी’ करून लिटल थिएटर उभे केले, पुढे रत्नाकर मतकरींनी बालनाट्याला आयुष्याची वर्षे दिली. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली. ती चेटकीण रबरी मुखवट्यात कोंबली असती तर? मुले घाबरली असती, संपले. प्रभावळकरांच्या चेहऱ्यामुळे मुले घाबरत घाबरत पुढच्या खुर्चीत सरकली. नागपुरात मोहरमला अंगभर पिवळे-काळे पट्टे रंगवून वाघ निघायचे, तुझ्या आजोळच्या माणसांनी खांद्यावर बसून पाहिलेत. भीती वाघाची वाटे आणि धीर त्याच्यातल्या माणसाचा.

रामानंद सागरांच्या ‘रामायणा’चेही तेच. 1987 च्या जानेवारीपासून दर रविवारी सकाळी आमचा तात्यापारा ओस पडायचा. वानरांची तोंडे फुगवलेली होती, पण डोळे मोकळे होते. हनुमान झालेले दारासिंग तेव्हा साठीला आलेले. त्या फुगीर जबड्याच्या वर त्यांच्या डोळ्यांत जी माया होती ती पाहूनच आमच्या घरातली पोरे हनुमान होऊन पलंगावरून उड्या मारायची.

आता तू म्हणशील, मावशी, ‘सेसमी स्ट्रीट’चा बिग बर्ड तर पूर्ण झाकलेला. म्हण. तोच तुला समजावून सांगायचा आहे, कारण तू त्याचे फक्त पिवळे पीस बघतेस. तो पक्षी आला कसा ते बघ. 1969 च्या जुलैत, कार्यक्रम सुरू होण्याआधी, निर्मात्यांनी फिलाडेल्फियात मुलांना चाचणीचे भाग दाखवले. मानसशास्त्रज्ञांनी सांगितले होते की खरी माणसे आणि बाहुल्या वेगवेगळ्या ठेवा, मुलांचा गोंधळ होईल. झाले उलटेच. रस्त्यावर नुसती माणसे आली की मुलांचे लक्ष उडायचे. म्हणून मग माणसांच्या गल्लीत राहणारा, माणसांशी बोलणारा हा सव्वाआठ फुटी पक्षी घडवला. मुलांचा गोंधळ झाला नाही, कधीच होत नाही. गोंधळ मोठ्यांचा होतो.

आणि आत कोण होते? कॅरोल स्पिनी. उजवा हात डोक्याच्या वर ताणून त्यात पक्ष्याचे डोके धरलेले, चोच त्याच हाताने उघडायची. डाव्या हातात डावा पंख. उजवा पंख नुसताच भरलेला, मासे धरायच्या दोरीने डाव्याला बांधलेला, म्हणजे एक हलला की दुसरा हलतो. बाहेरचे काही दिसत नाही, म्हणून छातीला छोटा टीव्ही बांधलेला, त्यात बघून चालायचे. आणि हे सगळे करता करता पक्ष्याचा आवाज स्वतः काढायचा, तिथेच, त्याच श्वासाने. 1969 पासून 2015 पर्यंत हा माणूस ते करत राहिला. किराणा दुकानदार मिस्टर हूपर झालेला नट वारला, तेव्हा निर्मात्यांनी मुलांना खरे ते सांगायचे ठरवले आणि 1983 च्या नोव्हेंबरात तो भाग दाखवला. पक्षी सगळ्यांची चित्रे काढून आणतो, वाटतो, आणि हूपरचेही चित्र घेऊन त्याला शोधत राहतो. मोठी माणसे त्याला सांगतात की तो आता येणार नाही. त्या प्रसंगात आवाज दुसऱ्या कोणी बंद खोलीत महिनाभराने दिला असता तर तो थरथरला असता का? झाकायचेच असेल तर असा माणूस आण. आपल्याकडे 2006 साली ‘गली गली सिम सिम’ आले, त्यातला भांगडा करणारा बूम्बा सिंहही अंगभर झाकलेला. पण असल्या सोंगांच्या मागे कारागीर असतात, तालमी असतात, वर्षे असतात. तुझ्यामागे एक खोके आहे, कुरियरने येणारे.

जपानचे उदाहरणही तू देशील, म्हणून आधीच लिहिते. तिथल्या एनएचके टीव्हीने 1960 मध्येच तीन डुकरांची सोंगे उभी केली आणि त्यातल्या एकाला आवाज दिला तेत्सुको कुरोयानागी यांनी, आपल्या ‘तोत्तोचान’च्या लेखिकेने. तुला तसा आवाज मिळाला तर मला कळव, मी गप्प बसेन.

टीव्हीचाच विषय निघाला म्हणून सांगते, बालनाट्यवाले आपले नाना ज्या गावात मास्तर होते तिथली गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 1975 च्या ऑगस्टात तिथे सरकारी टीव्ही आला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षासाठी मागून आणला होता, सहा राज्यांतली सुमारे 2400 गावे निवडली, आमचा रायपूर भाग त्यात होता. शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, आभाळाकडे तोंड करून. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांचे. गोष्ट संपली रे संपली की नाना संच बंद करायचे आणि तीच गोष्ट मुलांकडून अंगणात करवून घ्यायचे. कोल्हा व्हायला कमरेला खोचलेला गमछा पुरे. वर्षभराने, 31 जुलै 1976 ला, प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. आवारात जाळी तशीच उभी होती. पण अंगणातला कोल्हा थांबला नाही, कारण तो मुलांच्या अंगात शिरला होता. नाना म्हणायचे की टीव्हीवरची चांगली गोष्ट ती, जी टीव्ही बंद झाल्यावर सुरू होते.

म्हणून तर मला तुझ्या ओवीची काळजी वाटते. आता हे तुला लागेल, लागू दे. दिवाळीत तू तिला मांडीवर घेऊन फोन लावून वरणभात भरवत होतीस. फोनमधले ससे गात होते, नाचत होते, क्षणभर कुठे थांबत नव्हते. पोर तोंड उघडत होती, गिळत होती, पण एकदाही हसली नाही, एकदाही उत्तर दिले नाही. द्यायला जागाच नव्हती! चांगला नट मुलाला प्रश्न विचारतो आणि थांबतो. पडद्यावरूनसुद्धा थांबतो, घराघरांतल्या न दिसणाऱ्या मुलांना उत्तर द्यायला सवड देतो. तेवढी दोन क्षणांची शांतता ही मुलांच्या कार्यक्रमातली सगळ्यात मोलाची चीज आहे, आणि तुमच्या संकलकाची कात्री नेमकी तिथेच चालणार, याची मला धास्ती आहे. तू शिकलेली आहेस, तुझे हेतू चांगले आहेत, पण पैसे घालणारा माणूस घाई करणार. ‘लहान मुलांचेच तर आहे’ असे तो म्हणाला की उठून ये. लहान मुलांचे आहे म्हणूनच ते सगळ्यात नीट करायचे.

तुझ्या अस्वलाचे काम करणारा मुलगा कधी खरे अस्वल पाहून आला आहे का? नसेल तर त्याला माझ्याकडे पाठव. बागबाहराजवळ घुंचापालीला चंडीमातेच्या देवळात संध्याकाळी जंगलातून अस्वले येतात, प्रसाद खाऊन जातात. लोक फार जवळ जातात, हातातून भरवतात, ते मला मुळीच आवडत नाही, रानटी जनावर आहे ते. आपण लांबून बघू. पाऊल कसे टेकते, पायरी चढताना मागचा भाग कसा झुलतो, ऐकताना मान कुठे जाते. एक संध्याकाळ त्याला पुरेल, आणि परतीच्या वाटेवर तो गाडीतच चालून दाखवायला लागेल.

आणखी एक, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. गेल्या मे महिन्यात तेलीबांधा तलावावर फिरायला गेले होते, ज्याला आता मरीन ड्राइव्ह म्हणतात तिथे. एका वाढदिवसाच्या मांडवाबाहेर टेडीचे सोंग घेतलेला एक पोरगा कठड्याला टेकून बसला होता. डोके काढून मांडीवर ठेवलेले. केस पाण्यातून काढल्यासारखे, ओठ पांढरे, आणि मानेला, डोके जिथे घासते तिथे, लाल चट्टा. मी पाण्याची बाटली दिली तर आधी इकडे तिकडे बघितले, मालक बघतो का म्हणून. इथे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, संध्याकाळीही दगड तापलेले असतात. आत शिरलेल्या माणसाचे काय होते, हे बाहेर फोटो काढणाऱ्यांच्या गावी नसते. तुमचे चित्रीकरण एप्रिलात ठेवले आहे असे ताई म्हणाली. दिव्यांच्या झोतात, फोमच्या डोक्यात, ती पोरे किती वेळ उभी राहणार? कोणाला भोवळ आली तर? चेहरा उघडा असला की दिग्दर्शकाला निदान दिसते, की याचा रंग उतरला, याला बसवा. डोक्याच्या आतला माणूस पडेपर्यंत कळत नाही.

तेव्हा डोकी परत कर. पैसे अडकले असतील तर मला सांग, माझ्याकडे आहेत, ओशाळू नकोस. ते जमत नसेल तर त्यांचा खालचा जबडा गालापर्यंत कापून टाक आणि आतला चेहरा बाहेर येऊ दे. आवाज ज्याचे अंग त्याचाच घे. दर दोन दृश्यांनंतर पोरांना सावलीत बसव, मिठासाखरेचे पाणी दे. आणि शेवटी नावे झळकतील तेव्हा ससा, अस्वल, माकड असे नुसते लिहू नकोस. प्रत्येक प्राण्यासमोर आतल्या माणसाचे पूर्ण नाव, वाचता येईल एवढा वेळ, राहू दे. त्यांचे मानधनही त्याच आठवड्यात चुकते कर.

ताईला नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुझी,
मावशी