केसभर खरखर

मुलाने पहिल्या पगारातून आम्हाला भारी किमतीचे हेडफोन घेऊन दिले. वर्षभरातच उजव्या कानात खरखर सुरू झाली. तीही ऑर्गनचा खर्जातला सूर लागला म्हणजेच. बनवणाऱ्यांच्या नावाने आम्ही बोटे मोडली. ‘महाग वस्तू पारखून घ्यावी’, असे मुलालाही सुनावले. तो गप्प राहिला.

एका रविवारी धीर करून कानावरची गादी ओढून काढली, खालची स्पंजाची चकती उचलली. आत कागदाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा. खर्जाच्या सुरांना तो सर्वाधिक हलतो, आणि नेमका तेथेच एक पांढरा केस त्याला टेकला होता. लोखंडी चिमटा आतल्या चुंबकाकडे ओढला जाऊन पडदा फाटण्याची भीती, म्हणून लाकडी काडीच्या टोकाने केस अलगद उचलला. गादी पुन्हा बसवली. खरखर थांबली होती.

केस अर्थातच आमच्या डोक्यावरचा! दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधण्याची आमची सवय जुनीच.

संध्याकाळी मुलाला फोन केला. “बाळा, वस्तू उत्तम आहे. चूक माझीच होती.”

तो क्षणभर थांबला. मग हसून म्हणाला, “डॅडी, आता काय ऐकताय?”