पंधरा किलो

मुख्याध्यापक असताना शाळेच्या सहलीपूर्वी मी सामानाची यादी फळ्यावर लिहून देत असे. एक सतरंजी, एक पांघरूण, एक पेला, दोन पोशाख. याहून अधिक काही आणू नये. एका वर्षी वेरूळच्या सहलीस एक विद्यार्थी भलीमोठी लोखंडी ट्रंक घेऊन आला. सर्वांसमक्ष ती उघडायला लावून मी तिच्यातील निम्मे सामान त्याच्या वडिलांबरोबर परत पाठवले. तो विद्यार्थी आज नैरोबीस अभियंता आहे. गेल्या वर्षी त्याने आम्हा उभयतांना केनियातील मसाई मारा हे अभयारण्य पाहण्यास बोलावले आणि निमंत्रणासोबत एक यादी धाडली. तिच्या शेवटी लिहिले होते, "सर, सामान माणशी पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत. ट्रंक चालणार नाही."

मी मनमुराद हसलो. पण त्याचे म्हणणे खरे होते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराकडे जाणारी विमाने अगदी लहान असतात. त्यांच्या पोटातील जागा अरुंद असल्यामुळे दाबून बसवता येईल अशीच पिशवी तेथे सामावते.

सफारी हा शब्द स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ नुसता प्रवास. त्याचे मूळ अरबी; आपल्याकडे आलेली 'सफर' त्याच मुळाची. आपले दुकान तिकडे 'दुका' आहे, गाडी 'गारी' आहे, आणि चहाला 'चाय' व चपातीला 'चपाती'च म्हणतात. हे कळल्यावर मी उत्साहाने दोन खंडांचा एक शब्दकोश पिशवीच्या तळाशी ठेवला. तो तेथे किती दिवस टिकला, ते पुढे येईलच.

तयारीस खरा आरंभ झाला तो पीतज्वराच्या लसीपासून. केनियात या रोगाचा धोका असल्यामुळे तेथून परतणाऱ्यापाशी लसीचे पिवळे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला घरी न सोडता विलगीकरणात ठेवतात. ही लस जिवंत परंतु दुर्बल केलेल्या विषाणूंची असते, आणि साठीनंतर तिच्यापासून गंभीर अपाय होण्याचा संभव, क्वचित का होईना, वाढतो. माझे वय सदुसष्ट. डॉक्टरांनी माझी प्रकृती बारकाईने तपासली, पुष्कळ प्रश्न विचारले आणि मग सुई टोचली. पत्नीचे कागद पाहून मात्र त्यांनी लेखणी खाली ठेवली. संधिवातासाठी ती जी औषधे घेते, ती शरीराची प्रतिकारशक्ती मंद करणारी आहेत. तिला जिवंत लस देणे धोक्याचे होते. लसीवाचून तिने तेथे जावे, हेही त्यांना मान्य नव्हते.

परतताना रिक्षात आम्ही दोघेही बोललो नाही. घरी आल्यावर मी म्हणालो, "आपण जाणं रद्द करू."

"लस तुमच्या अंगात गेली आहे," ती म्हणाली. "एकदा टोचली की जन्मभर पुरते म्हणे. ती वाया घालवू नका."

२०१६ पासून ते प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जाते, हे तिने केंद्राच्या भिंतीवर वाचले असावे. मी पुन्हा बोलू लागताच ती उठून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या सामानाचा ताबा तिने घेतला.

माझा काळा शर्ट आणि निळी विजार तिने प्रथम बाजूस काढली. त्सेत्से नावाची चावरी माशी गडद निळ्या व काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडण्याचे सापळेही त्याच रंगांच्या कापडाचे करतात. पांढरे कपडे नकोत, कारण ते रानात दुरून उठून दिसतात. उरला मातकट रंग, आणि त्या रंगाचे माझ्याजवळ काहीच नव्हते. स्वेटर पाहून मी मात्र हरकत घेतली. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात स्वेटर कशाला? तिने नकाशाचे पुस्तक पुढे केले. मारा सुमारे दीड हजार मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि जुलैतील तिथली पहाट चांगलीच गार असते. पस्तीस वर्षे मी मराठी शिकवले. भूगोल शिकवला नाही, हे विद्यार्थ्यांचे भाग्यच म्हणायचे.

केनियाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. आपल्या राज्यातही २०१८ पासून बंदी आहे. तरी आमच्या घरच्या फडताळातील त्यांचा साठा काही केल्या संपत नाही. त्यांतील एकही बरोबर नेता येणार नव्हती. तेव्हा पत्नीने आपली एक जुनी सुती साडी फाडून लहान-लहान पिशव्या शिवल्या. तिची बोटे सकाळी आखडलेली असतात, म्हणून ती दुपारी शिवणकाम घेऊन बसे. एकीत हिवतापाच्या गोळ्या, एकीत दुर्बीण, एकीत मोजे. त्या साडीचे काठ मी ओळखले. पण बोललो नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी वाण्याकडून ताणकाटा आणून पिशवी टांगली. काटा एकोणीसवर गेला. शेजारची मुले जमली होती. त्यांच्यादेखत तिने पिशवी उघडायला लावली आणि एकेक वस्तू बाहेर काढली: शब्दकोशाचे दोन्ही खंड, जोडा, छत्री, चिवड्याचा दुसरा डबा. मला राहून राहून ती लोखंडी ट्रंक आठवत होती, आणि तिच्यापाशी मान खाली घालून उभा असलेला तो मुलगा.

अखेर काटा पंधराच्या आत आला. तेव्हा ती आतून दोनशे पानी वही घेऊन आली.

"रोज रात्री लिहायचं. हत्ती मोठा होता, एवढंच लिहून आणाल तर चालणार नाही. कान कसे हलवतो, चालताना पावलांचा आवाज होतो की नाही, सगळं मला हवंय."

वही आत जाताच काटा पुन्हा पंधराच्या पुढे सरकला. मी दाढीची पेटी काढून टेबलावर ठेवली.