विश्वासाची मार्गिका

वाचकहो, खडकवासल्यात राहणाऱ्या माणसाला रांगेचे नवल नसते. पावसाळ्यातल्या रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसे खायला आणि पुढे सिंहगडावर जायला अवघे पुणे लोटते, आणि आम्हां गावकऱ्यांना स्वतःच्याच घरी पोहोचण्यासाठी तासभर मोटारींच्या रांगेत बसून राहावे लागते. तरीही त्या रांगेत एक समता असते. नवीकोरी परदेशी गाडी, भाजीचा टेम्पो आणि माझी जुनी मारुती या तिन्हींची गती एकच. रांगेतही माणसांच्या प्रती लावता येतात आणि त्यांतल्या वरच्या प्रतीला ‘विश्वास’ असे नाव देता येते, हे मला फार उशिरा, दोन देशांच्या सीमेवर उभे असताना कळले.

माझी मुलगी कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरे या शहरात राहते. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या दिवसांत आम्ही उभयता तिच्याकडे होतो. सीमेपलीकडे, सुमारे २०० किलोमीटरवर, अमेरिकेतल्या सिॲटल भागात माझी पुतणी असते. तिच्या घरच्या गणपतीला जायचे ठरले. आमच्याजवळ दोन्ही देशांचे रीतसर व्हिसा होते. पुण्याहून नगरला जाऊन यावे तसे जाऊन येऊ, इतक्या सहजपणे मी तयारीला लागलो.

सहजपणाला पहिला धक्का घरातच बसला. नैवेद्यासाठी पत्नीने परसातल्या झाडाची सफरचंदे पिशवीत घातली होती आणि कुंडीतले जास्वंदीचे एकुलते एक फूल ओल्या रुमालात गुंडाळून घेतले होते. निघताना मुलीने पिशवी तपासली. सफरचंदे घरात ठेवली, फूल देवापुढे ठेवले. “आई, फळ-फूल सीमेवर नेण्याचे नियम कडक आहेत. सांगायचं राहून गेलं तर आमचं कार्ड जाईल,” ती म्हणाली. कसले कार्ड, हे तिने वाटेत सांगितले.

त्या कार्डाचे नाव ‘नेक्सस’. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांनी मिळून चालवलेली ही ‘विश्वासू प्रवाशां’ची योजना आहे. २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतर या सीमेवरची तपासणी कडक झाली आणि रांगा लांबल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही सरकारांनी सीमाव्यवस्थेचा करार केला आणि २००२ पासून आमच्या वाटेवरच्या नाक्यावर ही योजना सुरू झाली. तिच्यामागचा विचार आपल्या घरातल्या सुपासारखा आहे. निवडलेले दाणे बाजूला काढले की उरलेल्या धान्यातल्या खड्यांवर नजर ठरते. जो प्रवासी अर्ज करतो, त्याची पार्श्वभूमी दोन्ही देश तपासतात. मग प्रत्यक्ष मुलाखत होते, बोटांचे ठसे घेतले जातात. दोघांपैकी एका देशाने नकार दिला तरी कार्ड मिळत नाही. मिळाले तर ते ५ वर्षे चालते. तेव्हा त्याचे शुल्क ५० डॉलर होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते १२० डॉलर झाले. कार्डातली चिप गाडी नाक्याजवळ येतानाच वाचली जाते. गाडी खिडकीशी थांबेपर्यंत अधिकाऱ्याच्या पडद्यावर प्रवाशाचे छायाचित्र आणि माहिती आलेली असते. एखाद-दुसरा प्रश्न, आणि वाट मोकळी.

मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात अशा तिघांकडेही हे कार्ड होते. लहान मुलांनाही ते स्वतंत्र घ्यावे लागते; कारण योजनेचा एक नियम असा की, गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड असेल तरच ती गाडी त्या खास मार्गिकेतून जाऊ शकते. योजना मुख्यतः त्या दोन देशांच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. आम्ही पाहुणे. आमच्याकडे कार्ड असण्याचा प्रश्नच नव्हता.

नाका जवळ आला तेव्हा समोर हिरवळीवर एक पांढरीशुभ्र कमान दिसली. तिला ‘पीस आर्च’, म्हणजे शांतीची कमान, म्हणतात. १९२१ साली उभारलेली ही ६७ फूट उंचीची कमान बरोबर सीमारेषेवर उभी आहे. तिचा एक पाय एका देशात, दुसरा दुसऱ्या देशात. तिच्या आत लोखंडी दारे आहेत आणि ती कधीही बंद होऊ नयेत अशी इच्छा तिथे कोरलेली आहे. त्या सदैव उघड्या दारांच्या अलीकडे आमची गाडी थांबली. पुढे गाड्यांची लांबच लांब रांग होती. शेजारची नेक्ससची मार्गिका मात्र जवळजवळ रिकामी होती. तिथून मधूनच एखादी गाडी आमच्या बाजूने सरळ पुढे निघून जाई.

नातीने विचारले, “आपण नेहमी त्या रांगेतनं जातो ना? आज का नाही?” क्षणभर गाडीत कोणीच बोलले नाही. मग पत्नी म्हणाली, “आमच्यामुळे तुमचा सगळ्यांचा खोळंबा.” मुलगी आरशातून मागे पाहत म्हणाली, “आई, स्वारगेटला पीएमटीच्या रांगेत तुम्ही मला कडेवर घेऊन तास-तास उभं राहायचात. तेव्हा कुठे होती वेगळी रांग?”

वाचकहो, तिच्या उत्तराने पत्नीचे समाधान झाले. माझे झाले नाही. एक तास वीस मिनिटे आम्ही त्या रांगेत होतो आणि तेवढा वेळ मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होतो. चौतीस वर्षे शिक्षकी केली, कोणाचा पैसा बुडवला नाही, कोर्टाची पायरी चढलो नाही. मग मी अविश्वासू कधी ठरलो? वास्तविक मला कोणी अविश्वासू म्हटले नव्हते. मी केवळ अपरिचित होतो. पण विश्वासूंची वेगळी रांग काढली, की दुसऱ्या रांगेला नाव न देताही नाव पडते.

पुढे आम्हाला गाडी उभी करून कचेरीत जावे लागले. आमच्यासारख्या परदेशी पाहुण्यांना प्रवेशाचे नोंदपत्र लागते. त्याचे तेव्हा माणशी ६ डॉलर द्यावे लागत. अधिकारी तरुण होता, बोलायला आर्जवी होता. कुठे उतरणार, किती दिवस राहणार, परत कधी जाणार, असे त्याने विचारले. मग बोटांचे ठसे. माझे लगेच उमटले. पत्नीचे उमटेनात. पन्नास वर्षे भाकऱ्या थापून आणि भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. तिने बोटे पदराला पुसली, पुन्हा काचेवर ठेवली. चौथ्या खेपेला यंत्राने कसेबसे मान्य केले. मुलगी आणि जावई आमच्यामागच्या बाकावर बसून होते. त्या दोघांना तिथे काहीच काम नव्हते.

त्या बाकाकडे पाहताना मला एकाएकी साठ वर्षांपूर्वीचा पुण्याच्या वेशीवरचा जकात नाका आठवला.

आजच्या तरुण वाचकांना जकात हा शब्द कदाचित पुस्तकातच भेटला असेल. शहरात येणाऱ्या मालावर हा कर वेशीवरच वसूल होई. पुण्यातली जकात १ एप्रिल २०१३ रोजी संपली. मुंबईतली १ जुलै २०१७ पर्यंत टिकली. माझे वडील लोणकढ्या तुपाचे डबे सायकलला अडकवून खडकवासल्याहून पुण्याला नेत. सुट्टीच्या दिवशी मी मागे कॅरियरवर बसे. नाक्यावर वडील मालाचे वजन सांगत, पैसे मोजत, आणि कारकून डबा न उघडताच म्हणे, “जा तात्या. तुम्ही थोडंच खोटं सांगणार!” तेवढ्या एका वाक्याने माझी छाती फुगत असे. आमच्याजवळ कार्ड नव्हते. वडिलांचा चेहरा हेच कार्ड होते.

एकदा आमच्यापुढे एक अनोळखी मनुष्य होता. मावळातला असावा, डोक्यावर बोचके, अनवाणी पाय. त्याचे बोचके कारकुनाने सोडायला लावले. धान्याची पुरचुंडी फाटली आणि दाणे रस्त्यावर पसरले. तो मनुष्य उकिडवा बसून एकेक दाणा टिपू लागला. त्याला वळसा घालून वडील पुढे झाले, पैसे दिले, आणि आम्ही निघालो. वडील सज्जन होते, पण थांबले नाहीत. मीही मागे वळून पाहिले ते कुतूहलाने. सीमेवरच्या त्या कचेरीत, पत्नी चौथ्यांदा बोटे पुसत असताना, तो मनुष्य मला साठ वर्षांनी पुन्हा दिसला. या वेळी मी त्याच्या जागी होतो. फरक एवढाच, की पुढे निघून जाण्याची मुभा असलेली माझी माणसे बाकावर थांबून राहिली होती.

म्हणून जुन्या नाक्याचे गोडवे गाऊन नव्या कार्डाला नावे ठेवावीत, असे मला म्हणवत नाही. चेहऱ्यावरचा विश्वास ऊबदार खरा, पण तो ओळखीच्यांपुरताच असतो. त्यात गाव, जात, कपडे, बोली हे सारे न बोलता मोजले जाते. कार्डाची व्यवस्था निदान नियम उघड सांगते. त्यांत जो बसेल त्याला ती वाट देते. मराठेशाहीतही प्रवाशाला चौकीवर दाखवण्यासाठी दस्तक लागत असे. माणूस घराबाहेर पडला की त्याला आपली साक्ष बरोबर न्यावी लागते, हे काही आजचे नाही.

परंतु, तुम्ही भाषेचे अभ्यासक आहात म्हणून सांगतो, या व्यवस्थेला ‘विश्वास’ हा शब्द शोभत नाही. विश्वास या संस्कृत शब्दात ‘श्वस्’, म्हणजे श्वास घेणे, हा धातू आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, तिथे विश्वास. फारसीतून आलेला ‘खातरजमा’ हा दुसरा शब्द आपल्याकडे आहे. चौकशी करून मन निश्चिंत करणे असा त्याचा व्यवहारातला अर्थ. सीमेवर होते ती खातरजमा. संशयाचे काम तिथे आधीच उरकलेले असते, आणि चूक झाली तर ते पुन्हा सुरू होते. एका जास्वंदीच्या फुलाने माझ्या मुलीचा श्वास अडकला होता. कार्ड नसलेले आम्ही फार तर रखडणार होतो. ज्यांना विश्वासू म्हटले होते, त्यांनाच धास्ती अधिक होती.

आता आपल्याकडेही अशी सोय झाली आहे. २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर विश्वासू प्रवाशांसाठी जलद प्रवेशाची योजना सुरू झाली आणि १६ जानेवारी २०२५ पासून ती मुंबईसह आणखी ७ विमानतळांवर आली. भारतीय नागरिकांना, तसेच परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पण ‘ओसीआय’ कार्ड असलेल्या आपल्या लोकांना तिचा लाभ घेता येतो. आधी नोंदणी करायची, ठसे आणि चेहरा द्यायचा. मग स्वयंचलित दार आपोआप उघडते. मुलीने अर्ज केला आहे. परदेशी पारपत्र हाती असलेली माझी लेक आपल्या दारातून झटकन आत येईल, याचा मला आनंदच आहे.

“बाबा, तुम्हीही अर्ज भरून टाका,” असे ती दर रविवारी फोनवर सांगते. मी संगणकासमोर बसलोही होतो. शेजारच्या खुर्चीवर पत्नी मटार सोलत होती. अर्ज करायचा तर दोघांचा करायला हवा, आणि ठशांच्या वेळी पुन्हा तेच होणार, हे तिच्या बोटांकडे पाहून माझ्या लक्षात आले. मी संगणक बंद केला आणि मटार सोलू लागलो. पुढच्या खेपेला मुंबईच्या विमानतळावर, वाचकहो, आम्ही दोघे तुम्हाला साध्या रांगेत दिसू.