तुर्भ्याहून कोळभाट गल्लीपर्यंत

तुर्भ्याला ठाणे लोकल धरली तेव्हा डब्यात एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून निघालेली मंडळी उभ्याउभ्या पेंगत होती. मला खिडकी मिळाली, हे नशीब. पिशवीत निर्णयसागर छापखान्याचं एक जुनं संस्कृत पुस्तक आणि जेम्स गॅरेटवरची टिपणं.

गॅरेट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला मुद्रक. अमेरिकन मिशनने त्याला धाडलं होतं सिलोनला. तिथल्या इंग्रज गव्हर्नरने राहू दिलं नाही, म्हणून १८२१ मध्ये तो मुंबईला आला आणि मिशनचा छापखाना सांभाळू लागला. मिशनची मराठी छपाई १८१७ मध्येच सुरू झाली होती. १८३१ मध्ये तो मुंबईतच वारला. रेल्वे यायला अजून बावीस वर्षं होती.

त्याला धाडणारं बॉस्टनचं मिशन बोर्ड कागद जपण्यात भलतंच चोख. मुंबईहून आलेली पत्रं ठेवलीच, शिवाय आपण धाडलेल्या पत्रांच्या नकलाही वह्यांत उतरवून ठेवल्या. ते दफ्तर आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. जहाज आफ्रिकेला वळसा घालून येई, चार-पाच महिने लागत. छापखान्यासाठी काही मागवलं, तर जबाब हाती पडेतो वर्ष सरायचं.

ठाण्याला गाडी बदलून भायखळ्याला उतरलो. मिशनची इथली ठळक खूण म्हणजे ह्यूम हायस्कूल, पण ती पुढच्या पिढीची. फार न रेंगाळता टॅक्सी केली.

काळबादेवीत कोळभाट गल्ली म्हटलं की जुने दुकानदार हात दाखवतात. पाटीवर नाव डॉ. वेलकरांचं. हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, मधूनच शिव्या. निर्णयसागर इथला. त्याचे मालक जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात छपाईचे खिळे घासायला लागले होते. तिथे टॉमस ग्रॅहॅम देवनागरी खिळे घडवत होता. १८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये छापखाना. खिळे घडवणाऱ्या राणोजी रावजी आरूंचा कसबी हात त्यांच्या जोडीला होता.

चहाच्या टपरीशी पुस्तक उघडून तळटीपेवर भिंग धरलं. ज्वारीच्या दाण्याहून बारीक जोडाक्षर, तरी पोटातली पोकळी शाईने बुजलेली नाही. रफार जिथल्या तिथे. चहावाला म्हणाला, “काका, हिरा बघताय काय?” झवेरी बाजार जवळ, त्याचा समज रास्तच होता.

माझ्या मते हा तळटीपेतला रफार मिशनच्या कुठल्याही अहवालाहून मोठी कामगिरी आहे. पण गॅरेटचा पत्रव्यवहार समुद्रापार नीट लावून ठेवलेला, आणि आपल्याकडे खिळे ओतणाऱ्या-जुळवणाऱ्यांच्या चिठ्ठ्या, पगाराच्या वह्या रद्दीच्या तराजूत गेल्या. कुणाच्या माळ्यावर जुन्या छापखान्याचं असलं काही उरलं असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एकदा विचारा.