जात्याला टाकी

वार्षिकांकाच्या विद्यार्थी-संपादकांनी माझ्याकडून लेख मागितला तो ‘कला आणि जीवन’ या विषयावर. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्याचा माझा अधिकार नाही. माझा संबंध दगडाशी. तेव्हा दगडाविषयीच लिहितो. त्यातून कला आणि जीवन निघालेच, तर वाचकांनी आपापले वेचून घ्यावे.

नागपूर हे दगडाच्या बाबतीत मोठे भाग्यवान गाव. सीताबर्डीची टेकडी लाव्हारसातून झालेल्या काळ्या बेसाल्टची. हाच दगड पश्चिमेकडे थेट सह्याद्रीपर्यंत पसरला आहे. कामठीच्या बाजूला गेलात की वालुकाश्म लागतो. तो बेसाल्टपेक्षा कितीतरी कोटी वर्षांनी जुना. भूशास्त्रज्ञांनी त्या थरांना ‘कामठी’ हेच नाव दिले आहे. रामटेकच्या टेकडीवरचे पाचव्या शतकातले वाकाटककालीन नरसिंह तांबूस वालुकाश्माचेच. मनसरला १९७२ साली सापडलेली वाकाटकांच्या काळातली शिवमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १८६३ साली सुरू झालेला आपला अजबबंगला तर हाकेच्या अंतरावर. इतके सगळे दाराशी असताना आमचे विद्यार्थी शिल्पकला शिकायला निघतात ते मात्र छायाचित्रांच्या पुस्तकांतून!

मी वडाराचा मुलगा. घरी आम्ही तेलुगूच्या जवळची वडारी बोलत असू, दारोदार मात्र नागपुरी. बाबा खाणीवर दगड फोडत. आई डोक्यावर पाटे-वरवंटे घेऊन महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून ओरडत जाई, “पाट्याले टाकी लावा, जात्याले टाकी!” कुणी हाक मारली की अंगणात फतकल मारून ती गुळगुळीत झालेल्या पाट्यावर टाकीचे घाव घालू लागे. एका ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे घाव. पट्टी नाही, खूण नाही. पुढे कला महाविद्यालयात पोत आणि लय यांवर व्याख्याने ऐकली, तेव्हा मला नवीन होते ते फक्त शब्द.

मिक्सर घरोघरी आले आणि आईची आरोळी हळूहळू बंद पडली. बाबांचा श्वास त्याआधीच बंद पडत चालला होता. त्याला घरात सगळे ‘धाप’ म्हणत. त्याचे शास्त्रीय नाव सिलिकोसिस. गारेचा अंश असलेला दगड फोडताना, घासताना डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, फुप्फुसात बसते आणि तिथे व्रण करते. ते व्रण भरून येत नाहीत. त्यावर उतारा नाही. धूळ आत जाऊ न देणे एवढेच हातात असते. वालुकाश्मात ही गार भरपूर. बेसाल्टमध्ये आणि संगमरवरात ती फार थोडी असते, पण धूळ कुठलीच भली नव्हे.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. निरोप समारंभात तर ती हमखास ऐकू येते. मला ती अर्धवट वाटते. दगडाला काही सोसावे लागत नाही. सोसतो तो टाकी धरणारा. आणि देवपण दगडाला मिळते!

म्हणून माझ्या कार्यशाळेचा पहिला नियम असा, की तोंडाला मास्क आणि दगडाला पाणी लावल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावायचा नाही. मुले कुरकुरतात. चष्म्यावर वाफ धरते, हात चिखलाचे होतात. मी ऐकत नाही.

कार्यशाळा दिवाळीनंतर घेतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की उघड्यावरच्या काळ्या दगडाला हात लावता येत नाही. पहिला दिवस नुसता ऐकण्याचा. हातोडीने हलकेच वाजवले की निकोप दगड खणखणतो, आत चीर असली की बद्द बोलतो. दुसऱ्या दिवशी थर ओळखायचे. वालुकाश्म थराथराने बनलेला, त्यामुळे थर उभे धरून कोरले तर कडा पापुद्र्यासारख्या सुटतात. संगमरवरावर टाकी अगदी सरळ मारली तर घावाखाली पांढरा डाग उमटतो आणि तो घासूनही जात नाही. मग चार दिवस एकच काम, एक बाजू सपाट करणे. सगळ्यांना चेहरा कोरायची घाई असते. सपाट बाजू काढता काढता ती घाई आपोआप उतरते.

मागच्या कार्यशाळेत एका विद्यार्थिनीने आजीचे जाते आणले. घरी ते आता फक्त लग्नात हळदीपुरते निघते. इतके गुळगुळीत झालेले, की दाणा फुटेना. मी मुलांदेखत त्याला टाकी लावली. तासाभराचे काम. हात माझे, पण ओळी आईच्या. मुले आधी गप्प होती, मग एकेक जण जवळ येऊन त्या घावांवरून बोट फिरवू लागला. एकाने विचारले, “सर, हे प्रदर्शनात का नाही ठेवत?”

प्रश्न साधा, पण माझ्या धंद्याची सगळी अडचण त्यात आहे. प्रदर्शन म्हणजे आधी वजन. एक घनफूट बेसाल्ट ऐंशी किलोंच्या आसपास भरतो. तो नागपुराहून मुंबईला न्यायचा म्हणजे आठशे किलोमीटरांचे भाडे, हमाली आणि जिवाला घोर. चित्रकार कॅनव्हास गुंडाळून काखेत मारतो, त्याचा मला मनापासून हेवा वाटतो. तिथे पोचल्यावर कुणीतरी विचारते, “हे मशीनवर केलं का?” आता संगणकावर चालणारी यंत्रेही दगड कोरतात, तेव्हा विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. एका प्रदर्शनात मात्र एका परीक्षकांनी माझ्या टाकीच्या खुणा पाहून “हे कारागिरीकडे झुकतं” असा शेरा मारला. तेच शिल्प नागपूरच्या प्रदर्शनात आईने पाहिले. सभोवार फिरली, हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, “टाकी बरी लावली. पण यावर दळतात काय, बाप्पा?” दोन्ही अभिप्राय मी जपून ठेवले आहेत. दुसरा मला अधिक अवघड वाटतो.

दरवर्षी मी मुलांना चंद्रपूरला नेतो. तिथे लालपेठेत प्रचंड पाषाणमूर्ती उघड्यावर पडून आहेत. दशमुखी दुर्गा त्यांतली सर्वांत मोठी. एका धनिक व्यापाऱ्याने शिवमंदिरासाठी त्या घडवून घेतल्या आणि मंदिर काही उभे राहिले नाही, अशी आख्यायिका आहे. व्यापाऱ्याचे नाव तीत टिकले. टाकी धरणाऱ्या एकाचेही नाव टिकलेले नाही. मुले तिथे आपापल्या वह्या काढून रेखाटने करतात. मी नुसता घाव मोजत बसतो.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले, की जाते प्रदर्शनात ठेवायचे नाही, कारण त्याला अजून काम आहे. प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर मात्र ‘माध्यम’ या शब्दापुढे मी हल्ली नुसते ‘बेसाल्ट’ लिहीत नाही. ‘बेसाल्ट, वडारी टाकीकाम’ असे लिहितो.

मित्रहो, पुढची कार्यशाळा दिवाळीच्या सुटीनंतर आहे. चित्रकलेच्याच नव्हे, कुठल्याही वर्गाच्या विद्यार्थ्याने यावे. दगड मी आणतो. मास्क, जुने फडके आणि पाण्याची बादली तुम्ही आणा.